ऑनलाइन दुकानाची मेंबरशिप घ्यायची की नाही? पैसे भरण्याआधी करायचा हिशेब

ऑनलाइन खरेदीला नुकती सुरुवात केलेली माणसं मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच: "ती मेंबरशिप घेऊ का? डिलिव्हरी फुकट म्हणतायत." विचारणाऱ्यांत नोकरीसाठी पुण्यात आलेली मुलं असतात, तशीच मुलं परगावी गेल्यावर औषधं आणि घरसामान मोबाइलवरून मागवायला शिकलेले आईवडीलही असतात. दोघांना एकच उत्तर देता येत नाही. उत्तर काढायची रीत मात्र एकच आहे आणि वही-पेन घेऊन बसलं तर ती कुणालाही जमते.

मेंबरशिप नसताना गेल्या वर्षभरात तुम्ही जेवढी खरेदी केलीत, तेवढ्याच खरेदीवर ही फी वसूल झाली असती का, एवढंच पाहायचं. मेंबर झाल्यावर काय काय मागवता येईल, हे त्या हिशेबात धरायचं नाही. त्या वाढीव खरेदीतूनच तर कंपनी पैसे कमावणार असते.

मी इथे मुख्यतः अ‍ॅमेझॉन प्राइमचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या फी भरून घ्यायच्या मेंबरशिपचं, उदाहरण घेते, कारण आपल्याकडे बहुतेकांचा पहिला संबंध त्याच्याशी येतो. भारतात ते जुलै २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा सुरुवातीची ऑफर वर्षाला ४९९ रुपयांची होती. मग ९९९ झाले आणि डिसेंबर २०२१ पासून १४९९. फी वाढत जाते, हे इथेच लक्षात घ्या. या वर्षी वसूल झाली म्हणून पुढच्या वर्षीही होईलच असं नाही.

पायरी १: वर्षभराच्या ऑर्डरींची यादी काढा

अ‍ॅपमध्ये 'युवर ऑर्डर्स' उघडा. तिथे वर्ष किंवा महिने निवडायची सोय असते. नुकतीच खरेदी सुरू केली असेल तर आहेत तेवढ्या तीन-चार महिन्यांच्या घ्या आणि वर्षाचा अंदाज बांधा. वहीत तीन रकाने पाडा: तारीख, बिलाची रक्कम, आणि डिलिव्हरीचे किती पैसे लागले. कॅन्सल केलेल्या आणि परत पाठवलेल्या ऑर्डरी खोडून टाका.

तिसऱ्या रकान्यासाठी प्रत्येक ऑर्डरचं बिल उघडून पाहावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण हेच खरं काम आहे. अ‍ॅमेझॉनवर मेंबर नसलेल्यांनाही साधारण ४९९ रुपयांच्या वरच्या ऑर्डरवर साधी डिलिव्हरी फुकट मिळते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. त्याखाली गेलात तर साधारण ४० रुपये लागतात. म्हणजे मेंबरशिपमुळे डिलिव्हरीचे पैसे वाचतात ते मुख्यतः लहान ऑर्डरींवर. मिक्सर, मोबाइल, गादी अशा मोठ्या खरेदीवर ते तसेही लागणार नव्हते.

उदाहरणादाखल नाशिकमधलं चार माणसांचं घर धरू. वर्षात ४६ ऑर्डरी. त्यातल्या २९ ऑर्डरी ४९९ च्या वर, म्हणजे डिलिव्हरी शून्य. उरल्या १७. तारखा नीट पाहिल्या तर त्यातल्या ६ अशा निघतात की त्या दोन-चार दिवस थांबून दुसऱ्या ऑर्डरीत सहज घालता आल्या असत्या: सोमवारी चार्जरची वायर, बुधवारी वह्यांचं कव्हर, अशा. राहिल्या ११. अकरा गुणिले ४०, म्हणजे ४४० रुपये. या घराने १४९९ भरले तर ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. निव्वळ डिलिव्हरीवर १४९९ वसूल व्हायला वर्षाला ३८ लहान ऑर्डरी हव्यात, तेही एकत्र करता न येणाऱ्या.

आता दुसरी बाजू. ३२० रुपयांची वस्तू हवी असते आणि ४९९ गाठण्यासाठी आपण १८० रुपयांचं काहीतरी उगाच कार्टमध्ये टाकतो. ही सवय ज्यांना आहे, त्यांचं डिलिव्हरीच्या ४० रुपयांपेक्षा जास्त नुकसान या भरतीच्या वस्तूंनी होतं. यादीत अशा वस्तूंसमोर फुली मारा आणि त्यांची बेरीजही करा. ती मोठी निघाली तर मेंबरशिपच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. पण आधी फुकटचा उपाय करून पाहा: हवी असलेली वस्तू कार्टमध्ये ठेवून द्या, गरजेच्या वस्तू जमत जमत ४९९ झाले की एकदम मागवा. माझा अनुभव असा की आठवडाभर कार्टमध्ये पडून राहिलेल्या निम्म्या वस्तू नंतर नकोशाच वाटतात.

पायरी २: नेमकी कोणती मेंबरशिप, ते ठरवा

"प्राइम घेतलं" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात प्रकार आहेत. पूर्ण प्राइम वर्षाला १४९९, त्यात डिलिव्हरीसोबत प्राइम व्हिडिओ (सिनेमे, मालिका) आणि गाणीही येतात. त्याखाली प्राइम लाइट, जे ७९९ ला मिळतं. आणि फक्त खरेदीपुरतं असलेलं शॉपिंग एडिशन, ३९९ चं. शेवटच्यात व्हिडिओ आणि गाणी नाहीत. डिलिव्हरी आणि सेलच्या वेळी आधी प्रवेश एवढंच. वरच्या नाशिकच्या घराला हेच परवडतं: ४४० वाचतात, ३९९ जातात. फरक एवढा थोडा असेल तर मी म्हणेन, सोय हवी असेल तर घ्या, नसेल तर सोडून द्या. पैशांचं कारण दोन्हीकडे नाही.

स्वस्त प्रकार अ‍ॅपमध्ये ठळक दिसत नाहीत. मोठ्या बटणावर बहुधा महागडाच असतो. 'सगळे प्लॅन पाहा' अशा अर्थाचा बारीक दुवा शोधा.

महिन्याच्या आणि तिमाही दरांपासून जरा सांभाळून. महिन्याचे २९९ म्हणजे वर्षाचे ३५८८ होतात, आणि तिमाहीचे ५९९ म्हणजे २३९६. पण दिवाळीची खरेदी किंवा नवं घर लावायचं असेल, तर फक्त त्या एका महिन्यापुरते २९९ देऊन बंद करणं शहाणपणाचं आहे. हे दर बदलत असतात, म्हणून पैसे भरताना स्क्रीनवर दिसणारा आकडाच खरा धरा.

तुम्ही १८ ते २४ वयोगटात असाल तर तरुणांसाठीची सवलत मिळते का ते आधी बघा. वयाचा पुरावा द्यावा लागतो. मोबाइलच्या काही रिचार्जसोबत किंवा पोस्टपेड प्लॅनसोबतही प्राइम येतं. घरात कुणाच्या तरी नंबरवर ते आधीच आलेलं असतं आणि सुरूच केलेलं नसतं. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरणारी बरीच घरं मी पाहिली आहेत.

सगळ्याच मेंबरशिप पैसे देऊन घ्यायच्या नसतात, हेही नवख्यांना सांगायला हवं. फ्लिपकार्टने १५ ऑगस्ट २०१८ ला 'प्लस' सुरू केलं तेव्हा त्याला फी नव्हती. खरेदीवर मिळणाऱ्या कॉइनांवर, म्हणजे पॉइंटांवर, ते चालायचं. २०२३ मध्ये त्यांनी ४९९ रुपयांची 'व्हीआयपी' वेगळी आणली. कपड्यांच्या मिंत्रा अ‍ॅपचं 'इनसायडर'ही फी न घेता, खरेदीवरच चालतं. नावं सारखी वाटतात, म्हणून समोर फी मागतायत की नाही हे आधी पाहावं.

पायरी ३: आपला पिनकोड टाकून बघा

"एका दिवसात घरपोच" ही जाहिरात सगळ्या महाराष्ट्रासाठी सारखी नसते. अ‍ॅपमध्ये घराचा पिनकोड टाका, नेहमी लागणाऱ्या आठ-दहा वस्तू उघडा आणि मेंबर नसताना कोणती तारीख दाखवतात, मेंबर असताना कोणती, हे दोन्ही लिहून घ्या. वस्तूच्या पानावर बहुधा दोन्ही तारखा दिसतात. पुण्या-मुंबईत जिथे 'उद्या' दिसतं, तिथेच तालुक्याच्या गावी चार-पाच दिवस दिसू शकतात. मग मेंबर होऊन एका दिवसाचाच फरक पडत असेल तर त्या वेगाचे पैसे कशाला मोजायचे?

शिवाय वस्तूवर प्राइमची खूण आहे का ते पाहा. खूण नसेल तर तो माल दुसरा विक्रेता आपल्या पद्धतीने पाठवणार असतो. त्याची डिलिव्हरी तुमच्या मेंबरशिपमध्ये येत नाही.

इथे एका गटासाठी मी मोकळेपणाने "घ्या" म्हणते: गावी एकटे राहणारे आईवडील आणि त्यांच्यासाठी लांबून मागवणारी मुलं. गुडघ्याचा पट्टा, डायपर, बॅटरी, एखादं मलम, असं एकेक आणि अडीनडीला लागतं. तिथे ४९९ जमायची वाट बघता येत नाही. तुमच्याच खात्यात आईचा पत्ता घालून मागवता येतं, तिच्या नावाने वेगळी मेंबरशिप लागत नाही. मात्र अमेरिकेतलं किंवा इंग्लंडमधलं प्राइम इथल्या खरेदीला चालत नाही. परदेशातून आईवडिलांसाठी मागवणाऱ्यांनी भारतातल्या साइटवरची मेंबरशिप वेगळी घ्यावी लागते, हे गृहीत धरा.

पायरी ४: व्हिडिओ, सेल आणि कार्ड यांची किंमत स्वतः लावा

व्हिडिओ "फुकट" मिळतो म्हणून फी भरणारे खूप. त्याला तुमच्या लेखी किती किंमत आहे, हे तुम्हीच ठरवा: तो वेगळा विकत घ्यावा लागला असता, तर घेतला असता का? नसता, तर वहीत शून्य लिहा. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. जून २०२५ पासून भारतातल्या प्राइम व्हिडिओवर जाहिराती आल्या. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे. म्हणजे आधी १४९९ मध्ये मिळणारीच गोष्ट हवी असेल तर आता २१९८ लागतात.

सेलमध्ये इतरांच्या आधी प्रवेश मिळतो, तोही खरा फायदा आहे, पण ज्यांना ठरावीक वस्तू ठरावीक किमतीला हवी आहे त्यांच्यापुरता. 'प्राइम डे' हा मेंबरांसाठीचा सेल किंवा दिवाळीआधीचा सेल जवळ आला की हव्या असलेल्या वस्तूची किंमत पंधरा दिवस आधीपासून वहीत टिपून ठेवा. सेलच्या दिवशी खोडलेल्या किमतीशी तुलना करू नका, वहीतल्या किमतीशी करा.

कार्डाचा हिशेब जरा बारकाईने करावा लागतो आणि तो बहुतेकजण चुकतात. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय क्रेडिट कार्डावर प्राइम मेंबरला अ‍ॅमेझॉनवरच्या खरेदीचे ५ टक्के परत मिळतात, मेंबर नसलेल्याला ३ टक्के. लोक पूर्ण ५ टक्के मेंबरशिपच्या खात्यात जमा धरतात. मेंबरशिपमुळे मिळालेले फक्त २ टक्के. त्या २ टक्क्यांतून १४९९ वसूल व्हायला वर्षाला सुमारे ७५ हजारांची, म्हणजे महिन्याला सव्वासहा हजारांची खरेदी तिथूनच करावी लागते. तेवढी तुमची असेल तर मेंबरशिप सरळ परवडते, डिलिव्हरीचा हिशेबही करायची गरज नाही. पण कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसाल तर व्याजापुढे हे २ टक्के कुठेच नाहीत. तेव्हा हा मुद्दा वहीतून काढून टाका.

पायरी ५: जेवण आणि दहा मिनिटांत येणारा किराणा वेगळा मोजा

स्विगी वन, झोमॅटो गोल्ड किंवा झटपट किराणा आणणाऱ्या अ‍ॅपच्या मेंबरशिप यांची फी लहान असते, कधी तीन महिन्यांना शंभराच्या आतही मिळते. म्हणून लोक विचार न करता घेतात. इथे फी वसूल होतेच, दोन-तीन ऑर्डरींत होते. प्रश्न असतो तो ऑर्डरी किती वाढल्या याचा. घेण्याआधीच्या तीन महिन्यांतला आणि नंतरच्या तीन महिन्यांतला एकूण खर्च शेजारी शेजारी लिहा. महिन्याला चार वेळा बाहेरचं मागवणारं घर नऊ वेळा मागवू लागलं असेल, तर अ‍ॅप दाखवतं ती 'तुमची बचत' हा आकडा फिजूल आहे.

फुकट डिलिव्हरी ठरावीक अंतरात आणि ठरावीक रकमेच्या वरच असते. शिवाय प्लॅटफॉर्म फी, म्हणजे अ‍ॅप वापरल्याबद्दल दर ऑर्डरला लावलेला आकार, जेवणाच्या अ‍ॅपवर मेंबरलाही लागते. २०२३ मध्ये ती दोन रुपयांपासून सुरू झाली आणि नंतर दहा रुपयांच्या पुढे गेली. मे २०२५ मध्ये झोमॅटोने पावसाच्या वेळचा जादा आकार गोल्ड मेंबरांनाही लावायला सुरुवात केली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्यांच्या गावात पाऊस हटत नाही, त्यांनी हे मनात ठेवावं, कारण बाहेर जावंसं वाटत नाही तेव्हाच आपण सगळ्यात जास्त मागवतो. हॉटेलच्या मेन्यूकार्डावरचा दर आणि अ‍ॅपवरचा दर एकदा ताडून पाहा. बऱ्याच ठिकाणी पदार्थच महाग लावलेला असतो.

किराण्याच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचंय की कोपऱ्यावरच्या वाण्याला फोन करून बघा. बहुतेक गावांत आणि पेठांत तो आजही पोरगा पाठवून सामान घरी पोचवतो, तेही कसलीच मेंबरशिप न घेता.

पायरी ६: घ्यायचीच ठरली, तर पैसे कसे भरायचे

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणसं नाडली जातात ती इथेच, त्यातही वडीलधारी जास्त.

"३० दिवस फुकट" असं लिहिलेलं असतं, पण सुरू करताना कार्ड किंवा यूपीआयवरून ऑटो-पेला परवानगी मागतात. यूपीआय पिन टाकला की तुम्ही पुढच्या वजावटीला होकार दिलेला असतो, आज खात्यातून एक रुपयाच गेला असला तरी. मुदत संपली की पूर्ण फी आपोआप कापली जाते. १५ हजारांपर्यंतच्या अशा वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. ती एसएमएस किंवा ईमेलने येते आणि जाहिरातींच्या ढिगात हरवते.

म्हणून मेंबरशिप सुरू केली की त्याच बैठकीत आपोआप नूतनीकरण बंद करा. अ‍ॅमेझॉनवर खात्यात जाऊन 'प्राइम' विभागात ते पाहता येतं. त्यानंतर यूपीआय अ‍ॅप उघडा. गुगल पे आणि फोनपे दोन्हींत तुमच्या प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' नावाचा भाग आहे. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते. कंपनीचं नाव, रक्कम, पुढची तारीख. नको ती रद्द करा, पिन टाका. आईवडिलांचा फोन हातात आला की ही यादी एकदा जरूर उघडा. कुठल्या कुठल्या अ‍ॅपच्या परवानग्या तिथे निघतात ते पाहून तुम्हाला धक्का बसेल.

कार्टकडेही लक्ष हवं. पैसे भरायच्या पानावर सामानाच्या यादीखाली एक ओळ येते, 'मेंबरशिप, तीन महिने', आणि तिच्यासमोर आधीच बरोबरची खूण केलेली असते. बिलात ती रक्कम धरलेली असते. काढायचं बटण फिकट राखाडी असतं, किंवा 'नको, मला जास्त पैसे द्यायचे आहेत' अशा अर्थाचं काहीतरी त्यावर लिहिलेलं असतं, म्हणजे नाही म्हणताना तुम्हालाच ओशाळं वाटावं. 'पैसे भरा' दाबण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचा.

हे प्रकार आपल्याकडे नियमबाह्य आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला फसवणाऱ्या अशा १३ युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. न विचारता कार्टमध्ये काही घालणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, आणि घेणं सोपं पण बंद करणं अवघड ठेवणं, हे तिन्ही त्यात आहेत. तिकडे अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने अशाच मुद्द्यांवर जून २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर दावा लावला: लोकांना पुरेशी कल्पना न देता प्राइममध्ये घेतलं आणि बाहेर पडणं मुद्दाम किचकट ठेवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता अडीच अब्ज डॉलरवर तो मिटवला. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत करायचे ठरले. तेव्हा बंद करायचं बटण सापडत नसेल तर स्वतःला अडाणी समजू नका.

पायरी ७: मुदत संपायच्या दहा दिवस आधी

फोनच्या कॅलेंडरमध्ये ती तारीख घालून ठेवा. त्या दिवशी वही काढून पहिल्या पायरीचा हिशेब पुन्हा करा, यंदा मेंबर म्हणून. एक रकाना वाढवा: मेंबरशिप नसती तर ही ऑर्डर केली असती का? 'नाही' आलेल्या ऑर्डरींवर वाचलेली डिलिव्हरी बचतीत धरू नका, आणि उगाच घेतलेल्या वस्तूंची रक्कम फीमध्ये मिळवा. त्यानंतरही फी वसूल होत असेल तर बिनधास्त पुन्हा घ्या. काठावर असेल तर दोन महिने मेंबरशिपशिवाय राहून बघा. मेंबरशिप परत केव्हाही घेता येते, आणि या काळात कंपनी बहुधा काहीतरी सवलत देऊ करते.

न विचारता पैसे कापले गेले असतील तर आधी अ‍ॅपमधल्या कस्टमर केअरला चॅटवर लिहा. फोनवर बोलू नका, लेखी राहू द्या. मेंबरशिपचे फायदे वापरलेले नसतील तर पैसे परत मिळण्याची शक्यता चांगली असते, म्हणून तक्रार केल्यावर त्या खात्यावरून काही मागवू नका. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅपनेही तक्रार देता येते. त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यासाठी चार गोष्टी जपून ठेवा: पैसे भरले त्या पानाचा स्क्रीनशॉट, ऑटो-पे सुरू झाल्याचा एसएमएस, पैसे कापल्याची बँकेची नोंद, आणि कस्टमर केअरशी झालेलं पूर्ण चॅट, तारीख-वेळेसकट.